वाळवणाचे शेवटचे दिवस

कोकणात जायचं तर हिवाळ्यात जा, नाहीतर थेट जुलैत, असा सल्ला बहुतेक सगळे देतात. मेच्या उत्तरार्धात तिकडे निघालो म्हटलं की समोरचा आधी उकाड्याची आठवण करून देतो. सुट्टीला गावी गेलेले चाकरमानीही त्या सुमारास मुंबईच्या परतीच्या गाड्या पकडतात. मला नेमके तेच दिवस पाहायचे होते. कोकणात पाऊस कसा कोसळतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो येण्याआधी हवेत, समुद्रात आणि घराघरांच्या खळ्यात काय घडतं, हे पाहायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. म्हणून रत्नागिरीहून निघून सागरी मार्गाने विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं करत शिरोड्यापर्यंत खाली जायचं ठरवलं. प्रवास एसटीने, जिथे एसटी नाही तिथे रिक्षाने, आणि सकाळ-संध्याकाळ पायी.

कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरताना हवेतला बदल अंगालाच कळतो. घाटमाथ्यावरचा वारा कोरडा असतो. साखरप्याला पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो, आणि हातखंब्याला महामार्ग ओलांडून रत्नागिरीकडे वळलं की श्वासालाही हवा जड लागू लागते. तापमापकातला आकडा मात्र भीती वाटावी असा नसतो. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा दुपारी साधारण 33-34 अंशांपर्यंत जातो. त्याच वेळी चंद्रपुरात तो 43-44 अंशांवर असतो. तरीही विदर्भातून आलेला माणूस रत्नागिरीच्या दुपारी हैराण होतो. हवामान खात्यानेही हा फरक मानलेला आहे. उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंशांना पोचावं लागतं. किनारपट्टीवर सरासरीपेक्षा बरंच चढलेलं 37 अंशांचं तापमानही लाट ठरू शकतं.

याचं कारण घामात आहे. शरीर थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम सुकल्याने. एक लिटर घाम त्वचेवरून सुकून गेला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. चंद्रपुरात घाम फुटताच सुकतो. तिथला धोका अंगातलं पाणी आटण्याचा. रत्नागिरीत हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, तिच्यात आणखी बाष्पाला फारशी जागा उरत नाही. घाम ओघळतो, पण सुकत नाही. 34 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता एकत्र आली की शरीराला ती हवा सुमारे 45 अंशांसारखी जाणवते. रात्रही सुटका करत नाही. हवा ज्या तापमानाला निवली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, तो दवबिंदू मेमध्ये किनाऱ्यावर 25 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. पारा त्याच्या फार खाली उतरूच शकत नाही. पहाटे चारलाही उशी ओली लागते ती यामुळे.

हवेत बाष्पाला किती जागा उरली आहे, हा प्रश्न मला पुढे सगळ्या प्रवासात भेटत राहिला. माणसाच्या कातडीपुरता तो नाही. मे महिन्यात या किनाऱ्यावर घामासारखंच बरंच काही सुकायचं असतं: मासळी, आमसुलं, आंब्याची साठं, फणसाची पोळी, मीठ. सगळ्यांची मागणी एकाच हवेकडे, आणि सगळ्यांची मुदत पहिल्या मोठ्या पावसापर्यंत.

रत्नागिरीत ज्या घरी उतरलो ते जुनं, जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं होतं. जाड भिंती, खोल पडवी, आणि समोर सारवलेल्या खळ्यावर झावळ्यांचा मांडव. अशा घरात उकाड्याशी दोन हात करायची पद्धत साधी आहे. अंगमेहनतीची कामं सूर्योदयापासून दहापर्यंत उरकायची. मधल्या वेळी उकड्या तांदळाची पेज, सोबत मीठ आणि लोणच्याची फोड. दुपारी पडवीत पाठ टेकायची. घामावाटे जाणारं पाणी आणि मीठ पेजेतून परत मिळतं, आणि पोटाला भारही होत नाही. दुपारच्या कोकम सरबतात घरच्या काकू साखरेबरोबर मीठ आणि जिरेपूडही आठवणीने घालत. या दिवसांत इथे येणाऱ्याने नुसतं पाणी पिऊन भागवू नये. मीठही पोटात जायला हवं, हे मी त्या घरात शिकलो.

सकाळी अकराच्या सुमारास समुद्राकडच्या खिडक्या उघडल्या जातात. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवली की उलट दिशेने मतलई वारे वाहतात. किनाऱ्यावरची वस्ती, बंदरं, शिडाच्या होड्यांच्या वेळा, सगळं या रोजच्या ये-जा करणाऱ्या वाऱ्यांवर बसवलेलं आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधून झालेला राजवाडाही खाडीकडे तोंड करून उंचावर उभा आहे. मेच्या दुपारी त्याच्या आवारातून खाडीकडे पाहत उभं राहिलं की ही जागा का निवडली असेल याचा अंदाज येतो. शहरात खाली पान हलत नव्हतं. वर अंगावरचा घाम सुकत होता.

रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर या ऋतूची दुसरी बाजू दिसते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकलं. दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्याच दिवशी रत्नागिरीजवळ ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आदळलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच अडकून पडलं. नारळाचं झाड पुन्हा लावून फळाला यायला पाच-सात वर्षं जातात. ‘निसर्ग’ची नुकसानभरपाई सरकारी कागदांवर कधीच बंद झाली असेल, वाडीवाल्यांचा हिशेब अजून चालू आहे.

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघालं की पावसच्या पुढे रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट, उघडं पठार. पावसाळ्यानंतर इथे रानफुलांचे गालिचे असतात. मेमध्ये काळपट तांबडा कातळ आणि वाळून कोळ झालेलं गवत. दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. हाच तापलेला कातळ हापूसच्या गरात साका होण्यालाही कारणीभूत होतो: जमिनीतून परावर्तित होणाऱ्या उष्णतेने आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होतो आणि बाहेरून फळ निर्दोष दिसत राहतं. म्हणून बागायतदार झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवतात.

सड्यावरून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीची निळी रेघ दिसते, आणि तिच्या डोक्यावर दुपारी एकनंतर ढग रचले जाऊ लागतात. हे रोज पाहण्यासारखं असतं. सकाळपासून खाऱ्या वाऱ्यांनी आत नेलेली दमट हवा पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्रीच्या कड्यांना भिडते आणि वर ढकलली जाते. पलीकडच्या पठारावरची हवा तापलेली, कोरडी. दोन्ही एकत्र आल्या की दमट हवा आणखी वर उसळते. वर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि त्या वेळी सुटणारी उष्णता तिला पुन्हा वरच लोटते. घाम सुकताना अंगातली उष्णता बाष्पाबरोबर निघून जाते. ढगात तीच देवघेव उलटी होते. दुपारभरात असा ढग 12-15 किलोमीटर उंच चढतो. मग वरच्या थरांतले वारे पूर्वेकडून असले, तर घाटावर जन्मलेला हा ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकत येतो. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो, वळीव मात्र डोंगरावरून. इथला माणूस जूनमध्ये पश्चिमेकडे बघतो आणि मेमध्ये पूर्वेकडे.

विजयदुर्गाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाघोटण खाडीच्या मुखावर किल्ला आहे. धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्क माणसाने मला चालताना पाहून जवळ बोलावलं. “खंय चललात? आज किल्ल्यार लांब जाव नुको. वारो पडलो मगे समजूचा, सांजेक गडगडतला,” ते म्हणाले. खारा वारा खरोखरच थांबला होता. खाडीचं पाणी स्थिर झालं होतं, झावळी हलत नव्हती, आणि मळभ इतकं दाटलं होतं की पाचलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. घाम थेंबाथेंबाने टिपकत होता. समुद्राकडून येणारा वारा पडतो, कारण डोंगराकडून येणाऱ्या ढगाच्या हवेने त्याला अडवलेलं असतं. त्या गृहस्थांनी हे विज्ञानाच्या भाषेत सांगितलं नाही, पण पुढचा तास त्यांनी बरोबर ओळखला होता.

सहाच्या सुमारास पूर्वेकडून थंड झोत आला. पावसाचा टिपूस नव्हता आणि अंगावर एकदम काटा आला. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर वरची थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावत येते ती हीच. त्या झोताने धूळ, सुकी पानं, खळ्यावर वाळत घातलेले कपडे, एका घरावरचा प्लास्टिकचा कागद, सगळं उचललं. बायका “आमसुलां, आमसुलां” करत पडव्यांतून धावल्या. सुपं, तट्ट्या, जुन्या साड्यांवर पसरलेली सोलं पाच मिनिटांत आत गेली. मग टपोरे थेंब, मग विजा.

वळिवाच्या विजा हा या दिवसांतला सर्वांत मोठा धोका आहे आणि पर्यटक त्याची सर्वांत कमी काळजी करतात. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर 30,000 अंशांच्या आसपास तापते. ती स्फोटासारखी फुगते आणि तिचा आवाज म्हणजे गडगडाट. प्रकाश तत्काळ दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे उघड्यावर थांबायची वेळ संपलेली आहे. उघडा सडा, किल्ल्याचा बुरूज, वाळूचा किनारा आणि एकटा उभा माड या चारही जागा अशा वेळी टाळाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप केलं आहे. कोकणात मेमध्ये फिरणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावं, आणि इशारा आला की पक्क्या घरात जावं. आम्ही धक्क्याजवळच्या घराच्या पडवीत बसलो, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर. दीडेक तासात सगळं शांत झालं. गावातली वीज मात्र रात्रभर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगडच्या वाटेवर हवा धुऊन निघालेली होती आणि नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ रायांमधून ऐकू येत होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो कोकणात येतो. पण दहा वाजता ऊन कडक पडलं आणि भिजलेल्या जमिनीतून वाफ उठू लागली. वळिवाने उकाडा जातो हा समज एका रात्रीपुरताच खरा आहे. जमिनीतली ओल हवेत चढते आणि दुसऱ्या दुपारी घाम सुकायला आदल्या दिवसापेक्षाही कमी जागा उरते.

देवगडच्या बागांत झाडाखाली पडलेल्या आंब्यांचा सडा होता. बागायतदाराच्या घरी सगळे, मुलांसकट, फळं वेचत होते. पडलेला, आपटलेला हापूस पेटीत भरता येत नाही. तो कॅनिंगला, म्हणजे कारखान्याला, किलोच्या भावाने जातो. झाडावर राहिलेल्या फळाचंही आयुष्य पावसाने कमी होतं. ओल लागली की करपा पसरतो, फळमाशी वाढते. बाजारात पाऊस पडल्याची बातमी जाते आणि गिऱ्हाईक हात आखडतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वळिवाची एक संध्याकाळ त्या नावाकडे पाहत नाही. पिकून मऊ झालेल्या फळांचा रस काढून घरातल्या बायका ताटांत साठं घालत होत्या. पातळ थर, तो सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थराला दिवसभराचं कोरडं ऊन हवं. “आणखी चार उन्हं मिळाली तर पुरे,” असं त्या म्हणाल्या. या दिवसांत इथे वेळ तारखांत मोजत नाहीत, उन्हांत मोजतात.

मालवणला समुद्राचा रंग बदलला होता. हिवाळ्यात तळ दिसावा असं निवळ असणारं पाणी गढूळ, राखाडी झालं होतं आणि दक्षिणेकडून लांब, सावकाश लाटा येत होत्या. या लाटांचा उगम कित्येकदा हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत असतो. इथे आकाश निरभ्र असतानाही त्या किनाऱ्यावर आदळतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. वारा नाही, ऊन आहे, म्हणून पाण्यात उतरणाऱ्याने हे इशारे आधी वाचावेत. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा मेच्या अखेरीला थांबते. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या आतल्या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. पाऊस लागण्याआधी किल्ल्यातल्या रहिवाशांनाही आगोटीचं सामान भरून ठेवावं लागतं, कारण मग समुद्र ओलांडणं सोपं राहत नाही.

मालवणच्या बंदरावर त्या सकाळी लिलावापेक्षा आवराआवरीची गर्दी जास्त होती. राज्याच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, अशी त्याला दोन्ही कारणं. इंजिनं उतरवली जात होती, होड्या वाळूवर ओंडक्यांवरून वर ओढल्या जात होत्या, त्यांच्यावर झापांचं आणि ताडपत्रीचं छप्पर चढत होतं. किनाऱ्यावर दोरीवर बांगडे, चटयांवर जवळा आणि सुकट पसरलेली. दोन महिने घरात शिजणारी मासळी हीच. एका तांडेलाने मासा चिमटीत मोडून दाखवला. कट्‌ असा आवाज आला तर सुकला, वाकला तर अजून एक ऊन हवं. अर्धओला मासा डब्यात गेला तर पावसात त्याला अळ्या पडतात आणि सगळी बेगमी फुकट जाते.

त्यांच्याकडून ‘तौक्ते’ची हकीकत ऐकली. मे 2021 च्या मध्यावर ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकलं. 16 तारखेला सिंधुदुर्गाने त्याचा मारा खाल्ला आणि 17 च्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. वाटेत मुंबईच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडून अनेक कामगारांचे जीव गेले. चक्रीवादळ पोसायला समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांहून गरम लागतं. मेमध्ये अरबी समुद्राचा पृष्ठभाग 30 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे इंधन भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वारे खालच्या थरात एका दिशेने आणि वरच्या थरात उलट दिशेने जोरात वाहतात, त्यामुळे चक्रीवादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. म्हणून धोक्याचे महिने पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. बंदरावर बावटा चढवण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे. एकूण 11 इशारे असतात, आणि तीन नंबरचा बावटा लागला की बंदराजवळच वादळी वारे येण्याची शक्यता आहे असं समजायचं. आता त्याच्या आधीच फोनवर संदेश येतो, पणजी आणि मुंबईच्या डॉप्लर रडारवरून ढगांची चित्रंही दिसतात. तांडेल दोन्ही पाहतो. शिवाय पहाटे मतलई वाऱ्याचा जोर हाताच्या पंजावर घेऊन बघतो.

वेंगुर्ल्याला आमसुलांची गोष्ट पुरी कळली. रातांब्याची फळं फोडून बिया काढायच्या, साली मिठात आणि फळाच्याच रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. पुटावर पुट चढून ती काळीभोर होतात. अडचण अशी की रातांबा बराचसा मेच्या अखेरीस आणि जूनमध्येच पिकतो, म्हणजे सुकवण्याची हवा संपत आल्यावर. उरलेली फळं झाडाखाली कुजतात. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही लवकर पिकणारी जात काढली ती हीच अडचण ओळखून. वेंगुर्ल्यात विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतल्या जाती इथल्याच. हवामान बदलत असताना अशा संशोधनाचा अर्थ फक्त जास्त उत्पन्न एवढा राहत नाही. पीक आणि पाऊस यांच्यात चार दिवसांचं अंतर राखणं, हाच आता त्याचा मोठा उपयोग आहे.

प्रवास संपला शिरोड्याला, मिठागरांपाशी. 1930 च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत अनेक वर्षं शिक्षक होते. भरतीचं पाणी खाडीतून मिठागरात घेतात आणि एका कुंडीतून दुसरीत फिरवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत आटत मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं की मिठाचे खडे धरू लागतात. इथे नुसतं ऊन कामाचं नाही, वारा लागतो, कारण पाण्यालगतची बाष्पाने भरलेली हवा वाऱ्याने बाजूला सारली तरच पाणी पुढे आटतं. थिबा राजवाड्याच्या आवारात माझा घाम सुकला तो त्याच न्यायाने. रापलेली माणसं लाकडी फळीने मीठ ओढून ढीग लावत होती आणि ढिगांवर झापं घालत होती. एक मोठी सर कुंडीत पडली तर खारं पाणी पातळ होतं आणि आठवड्यांची मेहनत मागे जाते.

2025 साली हे सारंच मागे गेलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच वळिवाची झड लागली. 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. 25 मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला आणि 26 मे रोजी मुंबईत. मुंबईतली त्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. म्हणजे सुमारे पंधरवडा आधी. शहरांत ही सुखद बातमी होती. किनाऱ्यावर तो पंधरवडाच वर्षाचा सगळ्यात महागडा असतो: शेवटचा आंबा, मधली आमसुलं, उरलेली मासळी, अखेरचं मीठ, घर शाकारणं, रोहिणीतली धूळवाफ पेरणी. ज्या ज्या घरी मी बसलो तिथे त्या वर्षाचा उल्लेख झाला.

एका वर्षावरून हवामानाचा कायदा सांगता येत नाही. पण तापलेल्या हवेत दर अंशामागे सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं आणि अरबी समुद्र तापतो आहे, एवढं पक्कं आहे. मेचा शेवट पूर्वीइतका कोरडा राहील हे गृहीत धरून चालणार नाही. गावागावांत सामाईक सौर वाळवणयंत्रं, मासळीसाठी उंच जाळीचे मांडव, मिठागरांसाठी वेळेवर आणि तालुक्यापुरता नेमका अंदाज, रातांब्याच्या लवकर पिकणाऱ्या जातींची रोपं, आणि कॅनिंगच्या आंब्याला पडत्या दिवसांतही टिकणारा भाव, ही कामं अवघड नाहीत. ती शेवटच्या पंधरवड्याचं महत्त्व ओळखणाऱ्यांनी मागून घ्यायला हवीत. आपण खाणाऱ्यांनीही आमसूल, सुकट आणि शिरोड्याचं खडं मीठ घेताना त्यात मोजून मिळवलेली उन्हं आहेत हे ध्यानात ठेवून दाम द्यावा. पाऊस समजून घ्यायचा असेल त्याने एकदा तरी या उकाड्यात, पाऊस येण्याआधी, कोकणात यावं आणि वाळवण उचलायला हात लावावा.